पूवय्यांच्या उतारावर दोन रात्री

कोडगूबद्दल, म्हणजे कूर्गबद्दल, लिहिणारे सगळे धुक्यापासून सुरुवात करतात. आम्हाला धुकं लागलं नाही. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन कडक होतं, आणि मडिकेरीच्या घाटात पुढच्या जीपगाड्यांनी सोडलेल्या धुराला कुणाला धुकं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. त्यामुळे आधीच सांगून ठेवते, हे वाचून बॅग भरावीशी वाटणार नाही. बॅग भरावीशी वाटायला लावणारं भरपूर लिखाण उपलब्ध आहे. त्यानेच तर वाट लागली आहे.

मी मुक्ता. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. नोकरीसाठी म्हैसूरला आले, सरस्वतीपुरममध्ये खोली घेतली, एका शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. डोंगर कापू नका, झरे बुजवू नका, उतारावर रिसॉर्ट बांधू नका, अशी पत्रकं. आमचा छोटासा गट ती वाटतो, लोक ती घेतात आणि त्यांत भजी बांधतात. सीनू, म्हणजे श्रीनिवास, माझा नवरा. त्याचे पूर्वज कधीकाळी मराठी मुलुखातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरी अजून मराठी बोलतात, म्हणजे जे बोलतात त्याला ते मराठी म्हणतात.

सीनूला नोकरी सोडायची होती. कॉम्प्युटरसमोर बसून बसून त्याची मान गेली आणि त्याहून जास्त, त्याचं हसणं गेलं. आम्ही दोघं लग्नाआधीपासून गाडीवर तंबू बांधून हिंडतो. तेच त्याला करायचं होतं. नापोकलूच्या पुढे पूवय्या नावाच्या एका कॉफीवाल्या गृहस्थांचा एक गवताळ उतार आहे, तो ते भाड्याने देणार होते. सीनूला तिथे थोडे तंबू टाकून पाहुणे ठेवायचे होते. आणि मी? मी नेमकी अशाच धंद्याविरुद्ध पत्रकं लिहीत आले आहे. महिनाभर घरात भांडण. शेवटी असं ठरलं, की दोघांनी जायचं, त्याच उतारावर दोन रात्री राहायचं आणि रविवारी पूवय्यांना उत्तर द्यायचं. मी नाही म्हणाले तर विषय कायमचा बंद. सीनूने स्वतःच्या तोंडाने हे कबूल केलं होतं.

शुक्रवार, बैलकुप्पेपर्यंत

निघताना सासूबाई दारात. "अय्यो, घरात मंच आहे, गादी आहे, फ्यान आहे. रानात जाऊन नेलावर निजायचं कशाला गं?" मंच म्हणजे पलंग, नेल म्हणजे जमीन.

"अम्मा, तू सुम्ने बस की," म्हणजे गप्प बस, असं सीनू म्हणाला आणि त्याने गाडी चालू केली.

हुणसूरचा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे. जिथे सावली होती तिथे आता दुभाजकातली बोगनवेल आहे. हेल्मेटमध्ये डोकं शिजत होतं. सीनू दर थोड्या वेळाने मागे वळून ओरडायचा, "आठवतं ना, इथे वड होता?" मला आठवत होतं. मला सगळेच वड आठवतात, हाच माझा आजार आहे.

बैलकुप्पेला जेवायला थांबलो. सोन्याच्या मूर्ती बघायला आलेल्या बसगाड्यांची रांग मठाबाहेर लागली होती आणि एक तरुण भिक्खू लोकांना हातवारे करून शांत राहायला सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. आम्ही मागच्या गल्लीतल्या एका छोट्या खानावळीत थुक्पा घेतला. थुक्पा म्हणजे रश्श्यात बुडालेल्या जाड शेवया. घाम निथळत असताना गरम रस्सा पिणं हा वेडेपणाच, पण दुसऱ्या घोटाला बरं वाटायला लागतं. मालकीण डोल्मा नावाची साठीची तिबेटी बाई. तिचं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

मी विचारलं, "तुम्हाला कधी परत जावंसं वाटतं का हो?"

"तुम्ही कुठल्या?"

"महाराष्ट्रातली."

"मग तुम्ही कधी जाणार परत?"

सीनूला हसताना ठसका लागला आणि शेवई नाकात गेली. डोल्माबाईंनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग टेबल पुसता पुसता त्या सांगायला लागल्या. त्यांच्या आईवडिलांना इथे जमीन मिळाली तेव्हा नुसतं रान होतं. हत्ती यायचे, माणसं मरायची. आईवडिलांनी झाडं तोडली, मका पेरला. "आता मी नातवंडांना सांगते, झाडं लावा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अपराध नव्हता की अभिमान नव्हता. यावर पत्रकात काय लिहिणार?

घाट

कुशालनगरच्या पुढे चढ लागतो आणि तिथून जे सुरू होतं त्याला लोक निसर्गरम्य म्हणतात. रस्ता खरंच देखणा आहे. एका बाजूला कॉफीच्या बागा, त्यांच्या डोक्यावर उंच झाडं, झाडांना मिरीच्या वेली, मध्येच वळणावर खालची दरी उघडते. पण त्याच वळणावर डोंगराची तांबडी कापलेली बाजूही उघडते. वरून जेसीबी लटकलेला. खाली फलक: इथून व्ह्यू बघा. अरे, व्ह्यू कापूनच तर तुम्ही व्ह्यू विकताय! ज्या पावसाळ्यांत हे डोंगर घरांवर येऊन बसले, ते इथे कुणी विसरलेलं नाही. तरी मशीन चालूच. मी मागे बसून हेल्मेटमध्ये एकटीच भांडत होते.

त्या भांडणाच्या नादात जळका वास उशिरा लक्षात आला. स्टोव्हची पिशवी सैल होऊन सायलेन्सरला टेकली होती आणि वितळून तुटली. स्टोव्ह आणि पातेलं रस्त्यावर ठणठणत गेलं, मागून येणाऱ्या जीपने ते चपटं केलं आणि आतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"आयतु," सीनू म्हणाला. झालं. "आता दोन दिवस बिस्किटं."

"ती मी बांधली नव्हती."

"मी कुठे म्हटलं?"

"तुझ्या पाठीने म्हटलं."

असे आम्ही पूवय्यांच्या दारात पोचलो, उपाशी आणि एकमेकांशी न बोलता.

उतार

पूवय्या उंच, ताठ, अर्धी चड्डी घातलेले, एका खांद्याचं ऑपरेशन झालेलं. अंगणात कॉफीची फळं वाळत घातली होती. ती आंबूस-गोड वास सोडतात, आमच्याकडे फणसाचे गरे जास्त पिकल्यावर येतो त्याच्या जवळपासचा. स्टोव्हची कथा ऐकून त्यांची बायको मुत्तम्मा मनापासून हसली आणि म्हणाली, दोन्ही दिवस जेवायला इथेच यायचं, दुसरं काही चालणार नाही.

उतार घरापासून खाली, बागेतून चालत गेल्यावर लागतो. बाग संपते आणि एकदम उघडं गवत, पिवळं, गुडघ्याएवढं. पश्चिमेला डोंगरामागे डोंगर. डाव्या हाताला दाट काळसर रान, त्यातून एक बारीक ओढा बाहेर येतो आणि गवतातून खाली जातो. ते रान म्हणजे देवरकाडु, आमच्या कोकणात देवराई म्हणतात तसं, देवाच्या नावाने राखलेलं. मी कोकणातली असल्यामुळे मला ते दुरूनच ओळखता आलं. आतली झाडं कुणी कधी तोडलेली नसतात, त्यामुळे त्यांचे शेंडे वेगळेच दिसतात. मला रडू आलं, आणि सीनूने ते बघितलं, आणि मला त्याचा राग आला.

रात्रीचं जेवण लवकर. तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोळे, कडंबुट्टू. सारण भरायला विसरलेले उकडीचे मोदक समजा. त्यांच्याबरोबर आंबट काळसर रश्श्यातलं डुकराचं मटण. मी माशांवर वाढलेली, मी ताटावर तुटून पडले. सीनूच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. त्याने कोवळ्या बांबूची भाजी पुढे ओढली.

मुत्तम्मा मला म्हणाली, "नवरा गवतच खातो का गं तुझा?"

"हो. म्हणून तर त्याला तुमचा उतार हवाय."

सगळे हसले. हसण्याच्या मागोमाग पूवय्यांनी मुद्द्याला हात घातला. मुली कॅनडात, कॉफी काढायला माणसं मिळत नाहीत, खांदा असा. उतार कुणालातरी द्यायलाच हवा. बंगळुरूची एक कंपनी दोनदा येऊन गेली होती. तिला काचेच्या खोल्या बांधायच्या होत्या आणि मध्ये पोहण्याचा तलाव.

"उतारावर तलाव?" मी विचारलं.

"पोहता पोहता दरी दिसली पाहिजे म्हणतात."

"आणि पाणी?"

"ओढ्याचं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मला तंबू आवडतात. तंबू उचलता येतो. सीनू चांगला मुलगा आहे. पण तो म्हणतो, बायकोने हो म्हटलं तरच. मग, मॅडम?"

मी म्हटलं, रविवारी सांगते.

खरं म्हणजे घरून निघताना माझा नकार तयार होता, छापायला देण्याइतका. पण इथे माझ्या नकाराचा अर्थ काय, तर तलाव. माझ्या होकाराचा अर्थ, चार-सहा तंबू. आम्ही नाही म्हटलं म्हणून उतार रिकामा राहणार नव्हता. ही निवड कुणी आखून दिली? आम्हाला कुणी विचारलं होतं का? डोंगर वाचवा म्हणणाऱ्यांच्या वाट्याला नेहमी हेच येतं. वाईट आणि त्याहून वाईट यांतलं एक उचला, आणि उचललंत की लोक तुमच्याकडे बोट दाखवून म्हणणार, बघा, यांनीही उचललं. तंबूत पडल्यावर सीनूने विचारलं, "काय वाटतं?" मी पाठ फिरवली.

शनिवार

सकाळी पाणी आणायला ओढ्यावर गेले आणि ओढ्याच्या काठाने रानात शिरले. चपला बाहेर काढल्या. आमच्याकडे देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणत नाहीत. तो नियम माझ्या हाडात आहे. मी पायाखालची फांदीदेखील मोडणार नाही अशी चालत होते.

आत थोड्या अंतरावर एक मोकळी जागा, मध्ये एक उभा दगड, आणि त्याच्याभोवती मातीची कुत्री. भाजलेल्या मातीची, वीतभर, हातभर, काही उभी, काही आडवी पडलेली. बरीचशी फुटलेली. कुणाचं डोकं नाही, कुणाचे पाय नाहीत, काहींचे नुसते तांबडे तुकडे पाचोळ्यात. रानाचा देव शिकारी आहे, त्याला नवसाची कुत्री वाहतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये, अगदी मधोमध, चिप्सची पाकिटं. बिअरच्या बाटल्या. पाण्याच्या बाटल्या. एक बायकी चप्पल. वरच्या रस्त्यावरून उतरून कुणीतरी इथे येऊन पार्टी केली होती. देवासमोर! माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

हातमोजे आणि पोती माझ्या सामानात कायम असतात. स्टोव्ह विसरेन, पोती नाही. सीनूला उठवलं. त्याने पोत्याचं तोंड धरलं आणि मी भरत गेले. प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. मग कुजलेल्या कापडाच्या चिंध्या, काळी पडलेली करवंटी, फुटक्या मातीचे तुकडे. हा सगळा कचरा एकमेकांत इतका गुंतला होता की निवडत बसायला दुपार झाली असती, आणि फुटकं भांडं घरात ठेवू नये असं तर आपल्याकडेही म्हणतातच. धड होती ती कुत्री ओढ्यावर नेऊन धुतली. शेवाळ निघालं, आतून छान विटकरी रंग आला. दगडाभोवती त्यांना उंचीप्रमाणे ओळीने उभं केलं. सीनू मागे सरकून बघत म्हणाला, "अगदी शाळेची प्रार्थना वाटते, अल्ला?" अल्ला म्हणजे, नाही का?

तीन पोती भरली. त्याने ती गाडीला बांधून खाली बाजारात नेली, तिथे पंचायतीची कचरागाडी उभी असते. परत आला तो केळी आणि बन घेऊन. म्हणाला, गाडीवाल्याने शाबासकी दिली.

दुपारी आम्ही उगाचच गाडीवर हिंडलो, भागमंडलाच्या बाजूला. त्या रस्त्याबद्दल वाईट बोलायला मला काही सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं. एकेरी रस्ता, दोन्हीकडून कॉफी आत झुकलेली, मध्येच भातखाचर उघडतं आणि बगळे उठतात. एका ओढ्यावर गाडी थांबवून पाय पाण्यात सोडून बसलो. सीनू एक जुनं कन्नड भावगीत बेसूर गुणगुणत होता. कित्येक महिन्यांत तो गुणगुणला नव्हता.

मी म्हटलं, "सहा तंबू. सातवा नाही."

तो माझ्याकडे वळला.

"सिमेंट नाही. आंघोळीला बादली. गाणी लावणारे पाहुणे पहिल्याच दिवशी परत पाठवायचे. आणि रानात कुणी जाणार नाही, आपण सोडून."

"मुक्ता, हे हो आहे का?"

"हे 'नाही' नाहीये."

तो पाण्यात उभा राहिला, पँट भिजवत, आणि माझे दोन्ही खांदे धरून हलवायला लागला. मग काठावरच्या वाळूत काडीने तंबू काढून दाखवायला लागला, इथे चूल, इथे पाण्याची टाकी, पावसाळ्यात बंद, तेव्हा आपण घरी अम्माचं ऐकायचं. मी बघत होते. मला वाटलं, ठीक आहे. अख्खा डोंगर वाचत नाही तर निदान एवढा एक उतार.

रविवार

सकाळी आम्ही तंबू सोडवत होतो तेव्हा पूवय्या खाली आले. बरोबर दोन म्हातारे गावकरी. एकाचं नाव मंदण्णा, ते तिथल्या देवाच्या कारभारातले. सीनू हसत पुढे गेला, "अंकल, हो! हो म्हणाली!" आणि पूवय्यांचा चेहरा बघून थांबला.

पूवय्यांनी विचारलं, "रानात तुम्ही गेला होतात?"

मी अभिमानाने सांगितलं. हो, अभिमानाने. बाटल्यांचं सांगितलं, पोत्यांचं सांगितलं, असल्या लोकांवर गुन्हा दाखल व्हायला हवा म्हणाले.

"फुटकी कुत्री कुठे आहेत?"

"कचरागाडीत दिली."

मंदण्णांनी डोळे मिटले. मग त्यांनी कन्नडमध्ये, मला नीट समजावं म्हणून सावकाश, सांगितलं. कुत्रा वाहतात तो रानाला देतात. तो फुटतो, झिजतो, त्यावर शेवाळ धरतं, त्याची पुन्हा माती होते. रान त्याला घेत असतं. तो उचलायचा नाही, सरळ करायचा नाही, पुसायचा नाही. त्यांचा मुलगा फौजेत गेला तेव्हा त्यांनी एक वाहिला होता. "अर्धा आत गेला होता. मी दर वर्षी बघायचो. डोकं तेवढं राहिलं होतं."

ते डोकं माझ्या पोत्यात होतं. मला ते आठवतही नव्हतं.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी संताप आला. "मी बाई आहे म्हणून तुम्ही हे म्हणताय का?"

"नाही," मंदण्णा म्हणाले. "पुरुषाने केलं असतं तरी हेच."

"मग पाटी का नाही लावत? आम्हाला कळणार कसं?"

"पाटी कुणासाठी? आम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांनी आत जायचं नसतं."

"आणि त्या बाटल्या? ते लोक आत आले, प्यायले, घाण करून गेले, त्यांना तुम्ही काही बोललात?"

पूवय्या म्हणाले, "ते वाईट लोक. प्यायले आणि गेले. त्यांनी देवाला हात लावला नाही."

मी सीनूकडे बघितलं. तो हातात तंबूच्या खुंट्या धरून उभा होता. म्हणाला, "अंकल, आम्ही कचरागाडीच्या मागे जातो. शोधतो." पूवय्यांनी मान हलवली. गाडी शनिवारीच रिकामी झाली होती. बाजारात पोत्यांचं ऐकून मंदण्णा पहाटेच तिथे जाऊन आले होते; आम्हाला विचारलं ते फक्त आमच्या तोंडून ऐकायला.

मग पूवय्या मला थोडं बाजूला घेऊन गेले. ते रागावले असते तर मला बरं पडलं असतं. म्हणाले, "मी तुम्हाला उतार दिला तर हे लोक माझ्या घरी पाणी पिणार नाहीत. सणाला मला बाजूला बसवतील. त्यांचंही चुकत नाही."

"आणि कंपनीला दिलात तर?"

"कंपनी रानाकडे बघणार नाही. कुंपण घालील, पाठ फिरवील."

"ओढा पिऊन टाकील ती! ओढा गेला की रान वाळेल. रान वाळलं की कसला देव आणि कसली कुत्री? हे तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं." त्यांनी दुखरा खांदा दुसऱ्या हाताने धरला. "ते माझ्या माथी. मी नसेन तेव्हा होईल, कदाचित. हे आज झालं आहे."

मी वाद घातला. मला वाद घालता येतो, माझं ते कामच आहे. पाण्याचं बोलले, मातीचं बोलले, आपल्या हयातीत होणाऱ्या गोष्टींचं बोलले. मी, मी, मीच बोलत होते. पूवय्या ऐकत होते आणि मला दिसत होतं, की माझं प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट प्रत्येक वाक्याबरोबर त्यांना खात्री पटत चालली होती, की ही बाई उद्या पुन्हा काहीतरी सरळ करायला जाईल.

मुत्तम्माने नाश्ता दिल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, मध, भोपळ्याची भाजी. सीनूला भाजी जास्त वाढली. काल हसून वाढणारी बाई आज नुसती वाढत होती. ओटीवर पूवय्यांनी फोन लावला. मला समजू नये म्हणून ते इंग्रजीत बोलत होते, बिचारे, जणू मला इंग्रजी येत नाही. या आठवड्यात या, ते म्हणाले. होय, फायनल.

परत

गोणिकोप्पलवरून तितिमतीच्या रानातल्या रस्त्याने आलो. तिथे गाडी थांबवायला मनाई आहे, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. रान संपल्यावर एका चहाच्या टपरीवर थांबलो. सीनूने चहा घेतला आणि प्यायलाच नाही.

"काहीतरी बोल," मी म्हटलं. "ओरड माझ्यावर. तुझं सगळं मी घालवलं."

"पोत्याचं तोंड मी धरलं होतं, मुक्ता."

"मी सांगितलं म्हणून."

"नाही अल्ला. मला पण चांगलंच वाटत होतं." त्याने कप बाजूला सारला. "अजून पण मनात कुठेतरी वाटतं, स्वच्छ केलं ते काय वाईट केलं? एवढं ऐकून पण. तेच तर. आपल्याला तिथे ठेवलं असतं, तर आज नाही तर पुढच्या वर्षी आपण दुसरं काहीतरी केलं असतं. छान, स्वच्छ." मग म्हणाला, "पूवय्यांनी बरोबर केलं. मला त्यांचा राग येत नाही, स्वल्प आला असता तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, दुसरा उतार शोधू. तो म्हणाला, हूं. तो हूं कसला आहे ते लग्न झालेल्यांना सांगावं लागत नाही.

सासूबाईंनी दार उघडलं, आमची तोंडं बघितली, आणि ताटं घेतली.

आमच्या गटातले लोक म्हणतात, हा अनुभव लिही, लोकांना उपयोग होईल. म्हणून लिहिला. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी "तुम्ही काय करू शकता" असा एक परिच्छेद असतो. तो मी नेहमी सगळ्यात आधी लिहिते, कारण तोच सोपा असतो. आज तो लिहायला बसले. "काही करू नका, हात लावू नका" असं लिहिलं आणि खोडलं. काहीही हात न लावणारे, रानाकडे ढुंकूनही न बघणारे लोक आता त्या उतारावर खड्डा खणणार आहेत. मग "काहीतरी करा" असं लिहिलं. तेही खोडलं. आम्ही केलं होतं.

त्या परिच्छेदाची जागा कोरीच आहे. सोमवारी सीनू कामावर गेला.